सूत्रकृमीची अंडपेशी कोणाच्या सांगण्यावरून परिपक्व होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत प्राणिशास्त्र शिकवताना सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक कृमी, हा शब्द उच्चारला की विद्यार्थी, आणि अनेकदा त्यांचे शेतकरी पालकही, आधी मुळांवरच्या गाठींविषयी विचारतात. त्या गाठींपासून निघालेली चर्चा पुढे अंडपेशीपर्यंत पोहोचते, तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे मांडले आहेत. शालेय जीवशास्त्र आठवत असलेल्या कोणालाही ते समजावेत, अशी अपेक्षा आहे.

हळदीच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आणि प्रयोगशाळेतला सूत्रकृमी एकच का?

नाही. दोघे एकाच संघातले, परंतु राहणी अगदी वेगळी. हळद, टोमॅटो, डाळिंब आणि सातारा भागातले आले यांच्या मुळांत शिरून गाठी करणारा मूळगाठ सूत्रकृमी हा परजीवी आहे. लहान मुलांच्या पोटात होणारा जंत हाही याच संघातला, आणि त्याची मादी दिवसाला सुमारे २,००,००० अंडी घालू शकते. प्रयोगशाळेत ज्याचा अभ्यास होतो, तो सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स मात्र कुजणाऱ्या फळांवर आणि पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन जगतो आणि पिकाला किंवा माणसाला त्याचा काहीही उपद्रव होत नाही. पुढील उत्तरांत ‘एलेगन्स’ म्हटले आहे, ते याच कृमीविषयी.

एवढ्याशा कृमीची निवड का झाली?

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये केंब्रिजमध्ये हा प्राणी अभ्यासासाठी सुचवला आणि १९७४ मध्ये त्याच्या जनुकशास्त्रावरचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. जगभर वापरले जाणारे त्याचे मूळ वाण इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील अळिंबीच्या खतातून मिळाले होते. लांबी सुमारे १ मिलिमीटर, अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा काळ २० अंश सेल्सिअसला साधारण ३ दिवस, आणि प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, जननपेशी वगळता, नेमक्या ९५९ पेशींची केंद्रके. ही संख्या प्रत्येक कृमीत तीच असते. या प्राण्यावरील कामाला २००२, २००६, २००८ आणि २०२४ या वर्षी नोबेल पारितोषिके मिळाली.

अंडपेशीच्या अभ्यासकाला मात्र त्याचा सर्वांत मोठा उपयोग त्याच्या काचेसारख्या पारदर्शक शरीरामुळे होतो. प्राण्याला न कापता, तो जिवंत असताना, त्याच्या पोटातली अंडपेशी वाढताना दिसते.

त्याच्या शरीरात अंडपेशी तयार होते ती जागा कशी असते?

उभयलिंगी कृमीत इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकलेल्या दोन नळ्या असतात, एक डोक्याच्या बाजूला आणि एक शेपटीच्या बाजूला. प्रत्येक नळीचे आतले टोक बंद असते. तेथे जननपेशी विभागत राहतात, आणि जुन्या पेशी नव्यांच्या रेट्याने हळूहळू पुढे सरकतात. वळणापलीकडे त्या फुगून अंडपेशी होतात, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला शुक्राशय नावाची लहानशी पिशवी असते, जिच्यात फलन होते. साखर कारखान्यात गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोत्यात साखर भरेपर्यंतचे टप्पे जसे एकामागून एक मांडलेले असतात, तसेच हे आहे. नळीतली जागा सांगितली की पेशीचे वय आणि अवस्था कळते. एका नळीत प्रौढपणी सुमारे १,००० जननकेंद्रके असतात, आणि बहुतेक वाटेवर ती एकमेकांपासून पूर्ण विलग नसून मधल्या सामाईक पेशीद्रवाला जोडलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे पेशीमृत्यूच्या प्रश्नात तिचा उपयोग होईल.

शुक्रपेशी येतात कोठून, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर असे की हाच प्राणी आधी काही काळ शुक्रपेशी तयार करतो, प्रत्येक नळीत सुमारे १५०, त्या साठवतो आणि मग कायमचा अंडपेशींकडे वळतो. म्हणून नराशिवाय त्याला होणारी पिल्ले सुमारे ३०० असतात. अंडपेशी पुष्कळ उरतात, संपतात त्या शुक्रपेशी.

पेशींमधील ‘संकेत’ म्हणजे नेमके काय?

एका पेशीने तयार केलेला रेणू दुसऱ्या पेशीच्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतो, त्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि आतल्या रसायनांची साखळी सुरू होऊन शेवटी कोणती जनुके चालू राहावीत, कोणती प्रथिने तयार व्हावीत हे ठरते. सांगावा बाहेरून येतो, पण त्याचा अर्थ ऐकणारी पेशी लावते. त्यामुळे एकच संकेत शरीरात दोन ठिकाणी दोन वेगळी कामे करू शकतो.

अंडपेशीच्या प्रवासातला पहिला संकेत कोण देते?

नळीच्या बंद टोकावर टोपीसारखी बसलेली एकच पेशी, जिला टोकपेशी म्हणू. ही पेशी स्वतः जननपेशी नाही. १९८१ मध्ये जुडिथ किंबल आणि जॉन व्हाइट यांनी लेसरच्या बारीक किरणाने नेमकी तेवढीच पेशी जाळली. तेव्हा असे दिसले की तिच्या छायेतल्या सर्व जननपेशींनी विभागणे सोडले आणि अर्धगुणसूत्री विभाजनाची वाट धरली. पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवलेले बियाणेच जणू पेरून संपले. एका पेशीच्या नाशाने शेकडो पेशींचे भवितव्य बदलले, हा माझ्या मते जीवशास्त्रातील सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक आहे, कारण त्याचा निष्कर्ष समजायला कोणतेही आकडेशास्त्र लागत नाही.

तासगाव किंवा कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्ष बागायतदाराला हे पटवायला फार वेळ लागत नाही. वेलीचा शेंडा मारला की खालच्या बगलफुटी जोर धरतात, हे तो दरवर्षी पाहतो. शेंड्यातून खाली येणारे संप्रेरक बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवत होते, आणि शेंडा गेला तसा तो दाबही गेला. कृमीत परिणाम उलटा आहे, म्हणजे टोक गेल्यावर विभाजन वाढत नाही, ते थांबते. तरीही टोकावरचा एक लहानसा भाग मागच्या सर्वांची चाल ठरवतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

टोकपेशीच्या पृष्ठभागावर एलएजी-२ नावाचे प्रथिन असते आणि जननपेशींवर जीएलपी-१ हे ग्राही प्रथिन. जीएलपी-१ हे नॉच या प्रसिद्ध कुटुंबातले आहे. नॉच हे नाव पंखांच्या कडेला खाच पडलेल्या फळमाशीवरून पडले. येथे संकेत देणारा रेणू पेशीला जडलेलाच राहतो, तो वाहून जात नाही. म्हणून स्पर्श झाल्याशिवाय सांगावा पोहोचत नाही, आणि टोकपेशी बोटांसारखे लांब धागे पसरून जवळपासच्या जननपेशींना कवटाळते. स्पर्श झाला की जीएलपी-१ चा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात जातो आणि पेशीला विभागत ठेवणारी जनुके चालू करतो. टोकापासून साधारण वीस पेशींच्या अंतरापर्यंत ही विभागणारी वस्ती असते, आणि त्यापुढे सरकलेली पेशी सांगावा न पोहोचल्यामुळे आपोआप पुढच्या टप्प्यात जाते.

हा संकेत बंदच झाला नाही तर काय होते?

जीएलपी-१ कायम चालू ठेवणाऱ्या उत्परिवर्तनात जननपेशी विभागतच राहतात, अंडपेशी तयार होत नाहीत आणि नळीत गाठ वाढते. माणसाच्या नॉच जनुकातील बिघाड एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात वारंवार आढळतो. कृमीच्या अभ्यासाची उपयुक्तता विचारणाऱ्यांना मी हे एक उदाहरण आवर्जून देतो.

टोकापासून दूर गेल्यावर पेशीला पुढे कोण ढकलते?

प्रथम गुणसूत्रे जोडीने एकत्र येतात आणि आपापसात तुकड्यांची देवाणघेवाण करतात. या अवस्थेच्या मध्यावर पेशी बराच काळ असते, आणि तेथून बाहेर पडायला रास–ईआरके नावाची साखळी लागते. या साखळीत रास हे प्रथिन रॅफला, रॅफ पुढच्या विकराला आणि ते विकर शेवटी ईआरकेला जागे करते. कृमीतल्या या ईआरकेचे नाव एमपीके-१. ही साखळी तोडली तर जननपेशी त्या मधल्या अवस्थेतच अडकून पडतात, नळी भरलेली दिसते पण एकही अंडपेशी तयार होत नाही. साखळी वेळेआधी किंवा प्रमाणाबाहेर चालू झाली तर लहान आणि बेढब अंडपेशी निघतात. घाई झाली तर केवळ वेळ चुकत नाही, अंडपेशीचा आकारही बिघडतो.

एमपीके-१ नळीत दोन ठिकाणी जागे होते. एकदा या मधल्या अवस्थेत, आणि पुन्हा एकदा अगदी शेवटच्या अंडपेशींमध्ये. दोन्ही ठिकाणी विकर तेच, पण त्याची कामे वेगळी.

निम्म्या जननपेशी मरतात, हे खरे आहे का? आणि का?

खरे आहे. अंडपेशी होण्याच्या वाटेवरच्या पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी, निरोगी कृमीतसुद्धा, नियोजित पेशीमृत्यूने संपतात आणि नळीभोवतीच्या आवरणपेशी त्यांना गिळून टाकतात. या पेशी सदोष असतातच असे नाही. मघाशी सांगितलेले सामाईक पेशीद्रव येथे कामी येते. मरणारी पेशी आपला ऐवज आधीच त्या सामाईक साठ्यात सोडते, आणि तो वाचलेल्या अंडपेशींच्या वाट्याला येतो.

द्राक्षाच्या घडात मण्यांची विरळणी करणाऱ्या बायकांना हे सांगितले, तेव्हा त्यातल्या एका मावशींनी लगेच विचारले, “म्हणजे उरलेल्यांनी फुगावं म्हणून काढायचे, तसंच ना?” तसेच आहे. मृत्यू घडवणारी यंत्रणा, सीईडी-३ आणि सीईडी-४ ही प्रथिने, शरीराच्या इतर पेशींत वापरली जातात तीच आहेत. मात्र मरायचे कोणी, हे ठरवण्याची रीत येथे निराळी आहे.

अंडपेशीतला बलक कोठून येतो?

आतड्यातून. बलकाची प्रथिने आतड्याच्या पेशी बनवतात, ती शरीरातील द्रवातून जननग्रंथीपर्यंत येतात आणि अंडपेशीवरचे आरएमई-२ हे ग्राही प्रथिन ती आत ओढून घेते. कोंबडीत हेच काम यकृत करते.

पूर्ण वाढलेली अंडपेशी लगेच फलनासाठी निघते का?

निघत नाही, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा माझ्या दृष्टीने हाच आहे. पूर्ण वाढलेली, बलकाने भरलेली, पुढच्या जीवासाठी लागणारा बहुतेक सर्व ऐवज जमवलेली अंडपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पूर्वावस्थेच्या शेवटी थांबते. तिला अडवणारी कमतरता तिच्यात नसते. शुक्रपेशी जवळ आहेत, अशी वर्दी यायची असते.

ज्या कृमींमध्ये शुक्रपेशी तयारच होत नाहीत, अशा उत्परिवर्तित माद्यांच्या नळीत अंडपेशी डब्यात रचलेल्या भाकरींच्या चळतीसारख्या एकीवर एक दाबून बसलेल्या दिसतात. त्या दिवसेंदिवस तशाच राहतात. अशा मादीला नर मिळाला की चळत हलू लागते, आणि मग प्रत्येक नळीतून साधारण दर २३ मिनिटांनी एक अंडपेशी परिपक्व होऊन बाहेर पडते.

ही वर्दी देणारा रेणू २००१ मध्ये डेव्हिड ग्रीनस्टाइन यांच्या गटाने ओळखला, आणि तो फार अनपेक्षित निघाला. सूत्रकृमीच्या शुक्रपेशीला शेपूट नसते, ती अमिबासारखी सरपटते. सरपटण्यासाठी तिच्यात एमएसपी, म्हणजे ‘मुख्य शुक्रप्रथिन’, मोठ्या प्रमाणात भरलेले असते. शुक्रपेशीच्या अंगातला जणू हा सांगाडाच. हेच प्रथिन लहान लहान पुटिकांत बंद होऊन शुक्रपेशीतून बाहेर पडते आणि अंडपेशीपर्यंत पोहोचून तिला जागे करते. शुद्ध केलेले एमएसपी शुक्रपेशी नसलेल्या मादीच्या गर्भाशयात टोचले, तरी अंडपेशी परिपक्व होऊ लागतात. चालण्याचे साधन आणि आल्याची वर्दी, दोन्ही एकच.

या रचनेतला लाभ उघड आहे. बलक तयार करणे हे प्राण्याला महाग पडणारे काम आहे, आणि शुक्रपेशी नसताना अंडपेशी सोडल्या तर तो सगळा खर्च वाया जातो.

एमएसपीचा सांगावा अंडपेशी थेट ऐकते की मध्ये कोणी असते?

दोन्ही. अंडपेशीवर व्हीएबी-१ नावाचे, एफ (Eph) या कुटुंबातले ग्राही प्रथिन असते. शुक्रपेशी नसताना ते परिपक्वतेला आवर घालते, आणि एमएसपी त्याला चिकटले की हा आवर सुटतो. म्हणजे येथे ब्रेक सोडला जातो.

दुसरी वाट नळीभोवतीच्या आवरणपेशींतून जाते. या पेशींच्या प्रत्येक नळीला पाच जोड्या असतात. त्यांच्यातील जी-प्रथिन (ग्राही प्रथिनाचा सांगावा पेशीच्या आत पोहोचवणारे प्रथिन), त्याच्यामुळे बनणारा चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू आणि त्यामुळे जागे होणारे पीकेए हे विकर, ही साखळी नसेल तर शुक्रपेशी असूनही अंडपेशी हलत नाही. अंडपेशी आणि आवरणपेशी यांच्यात बारीक छिद्रांचे जोड असतात, त्यांतूनही थांबण्याची सूचना जात असते. विद्यार्थी येथे गोंधळतात, म्हणून पुन्हा सांगतो. परिपक्व व्हायचे असते अंडपेशीला, पण त्यासाठी लागणारे जी-प्रथिन काम करते शेजारच्या पेशींत.

परवानगी मिळाल्यावर मात्र सर्व अंडपेशी एकदम सुटत नाहीत. शुक्राशयाला लागून असलेली पहिलीच निघते. तिच्या केंद्रकाचे आवरण विरते, बाह्य कड गोल होते आणि गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंची जुळणी होते.

शुक्राशयाचे तोंड अंडपेशीसाठी उघडते कसे?

आता सांगावा उलट दिशेने जातो. इतका वेळ ऐकणारी अंडपेशी एलआयएन-३ हा, ईजीएफ प्रकारचा, संकेत पाठवते, आणि त्याच्या परिणामाने आयपी३ नावाचा रेणू व कॅल्शियम यांच्या मदतीने आवरणपेशी जोरात आकुंचन पावतात आणि शुक्राशयाचे तोंड रुंद होते. हे जमले नाही तर परिपक्व अंडपेशी नळीतच अडकते, विभागल्याशिवाय आपला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करत राहते आणि निकामी होते. हेच एलआयएन-३ त्याच प्राण्यात योनिमुखाच्या पेशीही घडवते. एक संकेत, दोन कामे, असे वर म्हटले होते त्याचे हे उदाहरण.

उपासमार आणि उष्णता यांचा अंडपेशींवर काय परिणाम होतो?

भरपूर अन्न असल्याची खबर इन्सुलिनसारख्या संकेतांतून आणि डोक्यातील ज्ञानपेशींनी सोडलेल्या टीजीएफ-बीटा प्रकारच्या संकेतातून जननग्रंथीपर्यंत येते. खबर चांगली असेल तर विभागणाऱ्या पेशींची वस्ती मोठी होते, आणि अन्न कमी असेल तर ती लहान राहते. उष्णतेविषयी सांगायचे तर हा प्राणी १५ ते २५ अंशांत सुखाने वाढतो आणि त्याहून फार वर गेले की वंध्य होतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात थंड कपाटाशिवाय तो पाळता येणार नाही.

स्त्रीच्या अंडपेशीशी याचा काही संबंध आहे का?

आहे, पण तो मर्यादा ओळखून सांगायला हवा. मुलीच्या अंडाशयातील अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच त्याच पूर्वावस्थेत थांबतात, आणि काही तर चाळीस वर्षांनी पुढे जातात. तेथेही बहुसंख्य पेशी नाहीशा होतात. गर्भात ६० ते ७० लाख, जन्मावेळी १० ते २० लाख, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात सुमारे ४००. थांबलेल्या अंडपेशीला मोकळे करणारा संप्रेरकाचा संकेत तेथेही आधी शेजारच्या पेशींवर पडतो आणि त्यांच्यातील जी-प्रथिनातूनच काम करतो. छिद्रांचे जोडही तेथे आहेत, आणि अंडपेशीला थांबवून ठेवणारा रेणू त्यांतूनच येतो.

फरक असा की स्त्रीत हा संकेत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. त्यासाठी शुक्रपेशी लागत नाही. कृमीवरून वंध्यत्वाचा उपचार थेट निघतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग अंडपेशीचा हा संकेत तोडून शेतातले सूत्रकृमी रोखता येतील का?

हा प्रश्न शेतकरी विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. अडचण अशी की आपल्याकडचा प्रमुख मूळगाठ सूत्रकृमी फलनाशिवायच वाढतो. त्याची मादी शुक्रपेशीची वाट न पाहता चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते, त्यामुळे शुक्रपेशीच्या सांगाव्यावर उभी असलेली अडवणूक तिला लागू पडत नाही. मुळांवर गाठी दिसत असतील तर माती आणि मुळे यांचा नमुना तपासून घ्यावा, निरोगी बेणे वापरावे आणि पीक फेरपालट करावी.

हे सारे प्रत्यक्ष पाहता येईल का?

बरेचसे पाहता येते. कुजत्या फळांचा किंवा कंपोस्टचा मूठभर भाग मलमलच्या फडक्यात बांधून, रबरी नळी लावून तळ बंद केलेल्या नरसाळ्यातील पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. मुक्तजीवी सूत्रकृमी पाण्यात उतरून तळाशी जमतात. ते एलेगन्सच असतील असे नाही, पण त्याच्या नात्यातले बहुधा सापडतात, आणि त्यांच्या नळीची ठेवण पुष्कळ सारखी असते. थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्यावे, सूक्ष्मदर्शकाखालची आयरिस, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडी मिटावी, म्हणजे कडा उठून दिसतात.

शरीराच्या मध्याजवळ कवचातली अंडी दिसतील, काहींत दोन किंवा चार पेशी झालेल्या असतील. त्यांच्या पलीकडे ओळीने मोठ्या, चौकोनी वाटणाऱ्या अंडपेशी असतात, आणि प्रत्येकीत केंद्रकाची स्वच्छ गोल चकती. अंड्यांच्या सर्वांत जवळच्या अंडपेशीवर नजर ठेवावी. कृमी वळवळत असेल तर पाणी थोडे टिपून घ्यावे. पुष्कळदा अर्धा तास काहीच घडत नाही. पण त्या चकतीची कड पुसट होऊ लागली की डोळे हलवू नयेत, कारण एलेगन्समध्ये तेव्हापासून अंडपेशी शुक्राशयात शिरेपर्यंत साधारण सहाच मिनिटे लागतात.